पुराव्याचा कायदा खटल्याच्या कागदांवरून शिकवावा

1 जुलै 2024 रोजी 1872 सालचा भारतीय पुरावा कायदा गेला आणि त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 लागू झाला. त्यानंतरच्या काही महिन्यांत वकिलांच्या टेबलांवर आणि विधी महाविद्यालयांच्या वर्गांत सर्वाधिक फिरलेला कागद कोणता असेल, तर तो जुन्या-नव्या कलमांचा तुलनात्मक तक्ता. जुने 32 आता 26 झाले, 114 चे 119 झाले, 65ब चे 63 झाले, आणि पोलिसांसमोरच्या कबुलीची 25, 26 व 27 ही तीन कलमे एकट्या 23 व्या कलमात सामावली गेली. तक्ता हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. नव्या अधिनियमाच्या शेवटच्या कलमानुसार त्या तारखेला प्रलंबित असलेले खटले आणि अपिले जुन्याच कायद्याने चालायची असल्यामुळे, साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा न्यायालयात आज एकाच दिवशी दोन्ही कायद्यांची कलमे उच्चारली जातात आणि ती स्थिती अजून काही वर्षे राहणार आहे. पण तक्ता पाठ झाला की नवा कायदा आला, असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या पाहिली, की मूळ दुखणे उघडे पडते. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी घडवलेल्या 167 कलमांच्या कायद्याचा गाभा नव्या 170 कलमांत बव्हंशी तसाच आहे. क्रमांक बदलल्याने ज्याचे ज्ञान शिळे झाले, त्याला पुराव्याचा कायदा येतच नव्हता, त्याला क्रमांक येत होते.

हा विषय इतर विषयांसारखा नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. करार किंवा फौजदारी कायदा शिकताना घटना आधी गृहीत धरलेली असते. ‘अ’ने ‘ब’ला चाकूने भोसकले, तर कोणता गुन्हा होतो, असा प्रश्न असतो आणि विद्यार्थी त्या दिलेल्या घटनेला कलम लावतो. न्यायालयात मात्र ‘अ’ने ‘ब’ला भोसकले हे सांगणारे कोणीही सर्वज्ञ नसते. तिथे एक घाबरलेला शेजारी असतो, एक रक्ताचा डाग पडलेला सदरा असतो, दवाखान्यात घाईने लिहिलेला एक जबाब असतो, आणि या सगळ्यांतून घटना उभी राहते की नाही हेच ठरवायचे असते. म्हणजे बाकीचे कायदे जिथून सुरू होतात, तिथवर पोहोचण्याची वाट पुराव्याचा कायदा दाखवतो. असे असता तोही इतर विषयांप्रमाणेच, गृहीत घटनेला कलम लावण्याच्या पद्धतीने शिकवला जातो आणि परीक्षेत ‘ऐकीव पुरावा’, ‘फितूर साक्षीदार’, ‘सूचक प्रश्न’ यांवर टीपा लिहायला सांगितल्या जातात. टीप उत्तम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एखादा खरा जबाब ठेवून ‘यातले ऐकीव कोणते ते खूण करून दाखवा’ असे म्हटले, तर पेन्सिल हवेतच राहते. परिस्थितिजन्य पुराव्याच्या (म्हणजे प्रत्यक्षदर्शी नसताना इतर गोष्टींची साखळी जोडून गुन्हा सिद्ध करण्याच्या) ज्या पाच कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात सांगितल्या, त्या आपले विद्यार्थी ओळीने म्हणून दाखवतात. एखाद्या साखळीतली कच्ची कडी शोधून दाखवा म्हटले की गडबडतात.

माझे म्हणणे एवढेच आहे, की हा विषय निकाली निघालेल्या खटल्यांच्या कागदांवरून शिकवला जावा. फिर्याद, पंचनामे, जबाब, सरतपास (साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाने विचारलेले प्रश्न), उलटतपास (विरुद्ध पक्षाने विचारलेले), निशाणी पडलेले (न्यायालयाने पुराव्यात घेऊन क्रमांक दिलेले) दस्तऐवज आणि शेवटी निकालपत्र असा एक संपूर्ण संच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, निकालपत्र मात्र आधी बाजूला काढून ठेवावे, आणि परीक्षेतले निम्मे गुण तरी त्या संचावर काम करून दाखवण्याला असावेत.

उदाहरणच घेऊ. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक खुनाच्या दोषारोपपत्रात एक निवेदन पंचनामा असतो आणि त्याची भाषा ठरलेली असते: ‘आरोपीने पंचांसमक्ष स्वखुशीने निवेदन केले की, मी ज्या कोयत्याने त्यास मारले तो कोयता उसाच्या फडात पाचटाखाली लपवून ठेवला आहे, तो मी काढून देतो.’ हे एक वाक्य वर्गात फळ्यावर लिहावे आणि विचारावे, की यातले किती शब्द न्यायाधीशांनी वाचायचे? पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मात्र आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तुस्थिती उघड झाली, तर त्या शोधाशी थेट निगडित तेवढा भाग ग्राह्य धरता येतो. पुलुकुरी कोटय्या या 1947 साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) हे बारकाईने उलगडले आहे. सापडलेली वस्तु ही ‘उघड झालेली वस्तुस्थिती’ नव्हे. ती अमुक जागी होती आणि आरोपीला ते ठाऊक होते, ही खरी उघड झालेली वस्तुस्थिती. म्हणून ‘उसाच्या फडात पाचटाखाली लपवून ठेवला आहे, तो काढून देतो’ एवढे राहते आणि ‘ज्या कोयत्याने त्यास मारले’ हे शब्द गळतात. ज्याने स्वतःच्या हाताने हे चार-पाच शब्द एकदा खोडले, तो हा नियम जन्मात विसरणार नाही, मग कलमाचा क्रमांक 27 असो की 23 चे परंतुक (कलमाला जोडलेला अपवाद) असो.

खोडून झाल्यावर पुढचे प्रश्न आपोआप येतात. तो फड कोणाचा होता? रस्त्यालगतचा आणि कोणालाही शिरता येईल असा होता का? निवेदनाची वेळ आणि जप्तीची वेळ यांत किती अंतर आहे, आणि पोलीस ठाण्यापासून त्या शेताचे अंतर पाहता ते जुळते का? कोयत्यावर लाखेचे सील जागेवरच लावले की ठाण्यात आल्यावर? मुद्देमाल तपासणीसाठी प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला गेला आणि मधले दिवस तो कोणाच्या ताब्यात होता? हे प्रश्न कोणत्याही टीपेत नसतात, पण खटला त्यांवरच उभा राहतो किंवा पडतो. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, 105 व्या कलमाने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे. पंच फितूर होण्याचा रोग त्यामुळे काहीसा आटोक्यात येईल अशी अपेक्षा आहे, पण चित्रण कुठून सुरू झाले, मध्ये कुठे थांबले आणि कॅमेरा सुरू होण्यापूर्वी काय घडले, हे विचारणारा वकील नसेल तर चित्रण म्हणजे आणखी एक पंचनामाच.

दस्तऐवजाच्या शाबितीचा पहिला तास घेण्यासाठी तर साताऱ्याच्या शिक्षकाला दूर जाण्याचीही गरज नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे शेजारच्या माहुलीचे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्या प्रकरणी रामशास्त्र्यांनी सत्तेवर असलेल्या रघुनाथरावांना दोषी ठरवले, ही गोष्ट मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याच गोष्टीत ‘धरावे’चे ‘मारावे’ केलेली ती प्रसिद्ध चिठ्ठी येते. शास्त्रीबुवांच्या निःस्पृहतेवर निबंध पुष्कळ झाले. वर्गात एकदा विचारून पाहावे, की ती मूळ चिठ्ठी कोणी पाहिली? ती कोणाच्या ताब्यातून आली? अक्षर ओळखणारा कोण, आणि त्याने लिहिणाऱ्याला लिहिताना कधी पाहिले होते का? मूळ नसेल तर नक्कल कोणत्या कारणाने चालवून घ्यायची? खाडाखोड आनंदीबाईंनी केली हे सांगणाऱ्याला ते कसे कळले? अर्ध्या तासात विद्यार्थ्यांच्या ध्यानात येते, की अडीचशे वर्षे अख्ख्या महाराष्ट्राने खरी मानलेली ही कथा आजच्या न्यायालयात निशाणी क्रमांक मिळवू शकणार नाही. यात कोणाची बदनामी नाही आणि इतिहासकारांच्या वादात पडण्याचेही कारण नाही. ठाऊक असणे आणि सिद्ध होणे यांतले अंतर मात्र इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या उदाहरणात दिसत असेल असे मला वाटत नाही.

दुसरा मुद्दा साक्षीदाराच्या भाषेचा आहे आणि तो पाठ्यपुस्तकांत येऊच शकत नाही, कारण ती बहुतेक इंग्रजीत लिहिलेली आहेत. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे कामकाज मराठीत चालते. माण-खटावचा किंवा जत-आटपाडीचा साक्षीदार ‘सकाळी आठ वाजता’ असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘दिवस कासराभर वर आला हुता.’ अंतर विचारले तर ‘हाकंच्या टप्प्यात’ म्हणतो, संध्याकाळ विचारली तर ‘दिवेलागणीला’. पोलीस जबाबात त्याचे ‘सुमारे 08:00 वाजण्याच्या सुमारास’ होते, साक्ष नोंदवताना आणखी काही होते, आणि मग उलटतपासात वकीलसाहेब उठून विचारतात, की पोलिसांना तुम्ही आठ सांगितले आणि आज कोर्टात नऊ सांगता, यातले खरे कोणते? साक्षीदार दोन्ही वेळा एकच बोललेला असतो. ही विसंगती आहे की रूपांतराची करामत, हे ओळखायला कान तयार लागतो. सरकारी वकिलाला ती फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर पुन्हा प्रश्न विचारून, दुरुस्त करून घेता आली पाहिजे, बचावाच्या वकिलाला तिचे वजन किती हे कळले पाहिजे. ज्या मुलाने इंग्रजी पुस्तकातून ‘पूर्वीच्या जबाबाशी विसंगती’ या विषयावर दहा ओळी पाठ केल्या आहेत आणि मराठीतला एकही खरा जबाब वाचलेला नाही, त्याला यातले काहीही ऐकू येत नाही.

दिवाणी बाजूला तर आणखी एक अडचण आहे. 2002 च्या दुरुस्तीनंतर दिवाणी दाव्यात साक्षीदाराचा सरतपास शपथपत्रावर दाखल होतो. म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी घातलेली भाषा वकिलाच्या टंकलेखकाची असते, आणि साक्षीदाराचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो तो उलटतपासात. वर्गात शिकवलेला ‘सरतपासात सूचक (उत्तर सुचवणारे) प्रश्न विचारू नयेत’ हा नियम शोधायला विद्यार्थी दिवाणी न्यायालयात जाऊन बसला, तर तो त्याला दिवसभरात दिसणारही नाही.

या सगळ्याशी सामान्य माणसाचा संबंध काय, असे विचारले जाईल. तासगावच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराची कल्पना करा. परगावचा व्यापारी बागेत येतो, भाव ठरतो, गाडी भरते, थोडी रक्कम रोख मिळते आणि उरलेल्या रकमेसाठी ‘चार दिवसांत टाकतो’ असा मोबाइलवर निरोप येतो. मग फोन बंद. बागायतदाराकडे काय असते? वजनाच्या चिठ्ठ्या, ज्यांवर सही कोणाची ते धड लागत नाही, स्वतःची खिशातली वही, गाडीचा फोटो, आणि व्हॉट्सॲपवरचे ते संदेश. चेक हाती असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे कायद्याने देण्याचे गृहीतक केले आहे आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी चेक देणाऱ्यावर आहे. चेक नसेल तर या चिंधोट्यांतून व्यवहार सिद्ध करायचा आहे. हिशेबाची वही नियमित धंद्याच्या ओघात ठेवलेली असेल तर ती संबद्ध ठरते, पण केवळ तिच्यातल्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही. संदेशाचा नुसता कागदावर काढलेला छाप दाखल करून भागत नाही. नव्या कायद्याच्या 63 व्या कलमाखाली त्यासोबत प्रमाणपत्र लागते, त्याचा एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात त्या नोंदीचे हॅश मूल्य (नोंद बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा संगणकीय ठसा) लिहावे लागते. जुन्या कायद्याखाली हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात ठाम केले. ते प्रकरण आपल्याच जालन्याच्या निवडणुकीचे होते. त्याच निकालात हेही सांगितले आहे, की मूळ फोनचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून तो फोनच हजर करत असेल, तर प्रमाणपत्राची गरज उरत नाही. हे ठाऊक असलेला ज्युनियर पहिल्याच भेटीत सांगेल, ‘काका, हा फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, आणि गाडी भरणाऱ्या हमालांची नावे आजच लिहून ठेवा.’ ज्याला ठाऊक नाही, तो स्क्रीनशॉटची झेरॉक्स काढून दाव्याला जोडेल आणि दोन वर्षांनी पुराव्याच्या टप्प्यावर हात चोळत बसेल. तोपर्यंत फोन बदललेला असतो.

आणि पुराव्यातली चूक वर जाऊन दुरुस्त होत नाही. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले, सातारा आणि सांगली जिल्ह्यांची मुंबईची फेरी वाचली, आणि त्यासाठी सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी दीर्घकाळ आंदोलन केले होते. पण अपील चालते ते खाली तयार झालेल्या कागदांवर. दस्तऐवज कोणत्या पद्धतीने शाबीत केला याविषयीची हरकत त्यावर निशाणी पडते त्याच वेळी घ्यावी लागते, नंतर ती सोडून दिली असे धरले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये व्यंकटाचल गौंडर प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे तालुक्याच्या कोर्टात उठून ‘हरकत आहे’ हे दोन शब्द बोलायचे राहून गेले, तर कोल्हापूरला कितीही नामांकित वकील उभा केला तरी ती संधी परत येत नाही. उच्च न्यायालय जवळ आल्याचा आनंद रास्त आहे, पण खालच्या न्यायालयात पुरावा नोंदवून घेणारी पिढी कच्ची असेल तर जवळ आलेले अपील लवकर हरण्यापलीकडे पक्षकाराला काय मिळणार?

यावर नेहमीचे उत्तर असे, की हे सारे कोर्टात गेल्यावर सीनियरच्या हाताखाली येतेच, महाविद्यालयाने तत्त्वे शिकवावीत. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, तीही याच जाणिवेतून. परंतु कोर्टात गेल्यावर शिकायचे म्हणजे कोणाच्या तरी दाव्यावर शिकायचे, आणि तो दावा क्वचितच श्रीमंताचा असतो. शिवाय सीनियरकडे ज्युनियरच्या वाट्याला पहिली काही वर्षे तारखा घेणे, पुरसीस (न्यायालयाला द्यायचे छोटे लेखी निवेदन) देणे आणि नकलांचे अर्ज करणे हेच येते, हे बार रूममध्ये बसणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

नियम नाहीत असेही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांत अभिरूप न्यायालय (विद्यार्थ्यांनी सरावासाठी चालवलेला खटला) व खटलापूर्व तयारी अशी एक सक्तीची प्रात्यक्षिक प्रश्नपत्रिका आहे. तिच्यात एक दिवाणी आणि एक फौजदारी अशा दोन खटल्यांच्या निरीक्षणाला 30 गुण ठेवलेले आहेत. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. प्रत्यक्षात निरीक्षणाच्या वह्या मी पाहिल्या आहेत. ‘न्यायाधीश महोदय उच्चासनावर विराजमान होते, उजव्या बाजूस सरकारी वकील होते’ हे वाक्य एका वहीतून दुसऱ्या वहीत वर्षानुवर्षे उतरत आले आहे. विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण खटला चार-पाच वर्षे चालतो आणि तो तिथे दोन दुपारी बसतो; त्याला मधलाच एक साक्षीदार दिसतो, ज्याच्या आधी काय झाले आणि पुढे काय होणार हे त्याला माहीत नसते. निकाली प्रकरणाचा पूर्ण संच आधी वाचून मग तो कोर्टात जाऊन बसला, तर त्या दोन दुपारींत त्याला दहापट दिसेल.

शिक्षक कुठून आणायचे, ही अडचण खरी आहे, पण सुटण्यासारखी आहे. पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, मात्र वकिलांच्या अध्यापनाविषयीच्या 1979 च्या नियमांनुसार वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांत विधी महाविद्यालये आहेत आणि उलटतपासात हातखंडा असलेले वकीलही आहेत. सायंकाळच्या तासाला त्यांना बोलावण्यात मानधनाखेरीज अडसर कोणता? स्पर्धा परीक्षेला कलमेच विचारतात, ही सबब तर अर्धीच खरी आहे. वकिलीची सनद कायम होण्यासाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा मूळ कायद्याची प्रत सोबत नेऊन देता येते.

गोपनीयतेचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो उडवून लावू नये. लैंगिक अत्याचाराची आणि बालकांची प्रकरणे या संचांत असूच नयेत. तिथे पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. उरलेल्या प्रकरणांतही नावे, गावे आणि सर्व्हे नंबर काळ्या शाईने झाकावेत, अपिलाची मुदत संपलेलीच प्रकरणे घ्यावीत, आणि झाकण्याचे काम विद्यार्थ्यांवर न सोपवता शिक्षकाने करावे. एका महाविद्यालयाला सुरुवातीला चार संच पुरेत: एक खुनाचा, ज्यात निवेदन पंचनामा आणि शक्यतो मृत्युपूर्व जबानी असेल, एक वाटपाचा दावा, ज्यात सातबारा आणि फेरफारावरून मालकी सिद्ध होत नाही हे विद्यार्थ्याला स्वतः शोधून काढावे लागेल, एक चेक न वटल्याचा, आणि एक असा, ज्यात आरोपी सुटला आहे. चौथ्या संचावर सर्वांत जास्त तास खर्च व्हावेत. त्या निकालपत्रात ‘सिद्ध झाले नाही’ असे लिहिलेले असते, ‘घडले नाही’ असे नसते, आणि विद्यार्थ्याने तो निकाल उघडण्याआधी दोषारोपपत्र वाचून स्वतःचा निष्कर्ष लिहून शिक्षकाकडे बंद पाकिटात दिलेला असावा. नकलांचा खर्च महाविद्यालयाच्या ग्रंथालय निधीतून सहज भागेल. प्रमाणित नकलांसाठी अर्ज करणे हे तर त्या विद्यार्थ्यांचे पहिले प्रात्यक्षिक ठरू शकेल, आणि तो अर्ज मराठीत लिहावा लागेल.